दुर्मिळ कॅन्सर मेंदूत पसरल्यावर कोकणातून मुंबईला नेण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय, बहिणीच्या मांडीतला सारकोमा, म्हणजे स्नायू-हाडांसारख्या भागांतला कॅन्सर, डोक्यात गेलाय, एमआरआयमध्ये दोन गाठी आहेत, आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत की आता मुंबई कशाला, खर्च तरी किती करायचा. त्या मोठ्या माणसांमुळेच लिहायला बसलो. न्या.

आम्ही देवगडकडचे. माझ्या धाकट्या भावाला अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सारकोमा होता, सारकोमातलाच एक दुर्मिळ प्रकार. तरुण वयात, बहुतेक वेळा मांडीत होतो, दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही. मग फुप्फुसात जातो, आणि इतर सारकोमांच्या मानाने मेंदूतही जास्त जातो. भाऊ आंब्याच्या पेट्या भरता भरता फिट येऊन पडला. आबाकाकांचा निकाल तयार: "डोक्यात गेलो म्हणजे आटापला. आता खयची मुंबय? घराकच ऱ्हवांदे तेका." गाऱ्हाणं घालायचं म्हणाले, घातलं. आणि कणकवलीहून मुंबईची रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडली.

मोठी गाठ ऑपरेशनने काढायची ठरली. तारीख मिळेपर्यंत डेक्सामेथासोनच्या गोळ्या देऊन गावी पाठवलं. ही गोळी गाठ विरघळवत नाही, गाठीभोवती मेंदूला आलेली सूज उतरवते. डोकेदुखी, उलट्या बऱ्याचशा त्या सुजेच्याच असतात. पण तिने तोंड सुजतं, भूक खवळते, साखर चढते. आबाकाका बघायला आले. "तेचा त्वांड बघ, भोपळो झालो! बंद कर ती गोळी." वर कुठला तरी झाडपाल्याचा काढा. मी बाजारात गेलो होतो, भावाने मोठ्यांचा मान राखला. पुढे काय व्हायचं ते झालं: डोकं फुटायला आलं, उलट्या थांबेनात, रात्री गाडी करून पळालो. ही गोळी बरेच दिवस घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, म्हणून ती डॉक्टर सांगतील तशी हळूहळूच उतरवायची. आबाकाका आजही म्हणतात, गोळीनेच केलं.

पुढे मोठी गाठ काढली, छोटीला रेडिओसर्जरी दिली. म्हणजे चिरफाड नाही, वेगवेगळ्या दिशांनी बारीक किरण नेमके गाठीवर. सारकोमाला सरसकट सगळ्या डोक्याला दिलेल्या लाइटपेक्षा (किरणांपेक्षा) असा एकदम मोठा डोस बरा लागू पडतो. नेहमीची केमो मात्र या सारकोमावर जवळजवळ चालतच नाही, म्हणून नाव पक्कं व्हायच्या आधी केमो सुरू करणारा डॉक्टर मला चालणार नाही. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि परळच्या टाटात पुन्हा तपासून घ्या. हाच सारकोमा आहे का ते ओळखायला मदत करणारी टीएफई३ नावाची तपासणी झालीय का तेही विचारा. अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये याच सारकोमासाठी अ‍ॅटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या) औषधाला मंजुरी मिळाली. त्याआधीपासून सुनिटिनिबसारख्या गोळ्या आहेतच. आणि फिट येऊन गेलेल्या माणसाला विहिरीवर, होडीत किंवा स्कूटरवर एकटं सोडू नका.

मी डॉक्टर नाही. तुमच्या बहिणीचा सारकोमा दुसराच असेल तर वरचं औषधांचं सगळं बाजूला ठेवा. गाठी पुष्कळ असतील, बाकी शरीरातला आजार आटोक्याबाहेर असेल, ती अंथरुणाला खिळली असेल, तर दुखणं सांभाळून घरी ठेवणं हाही उपचारच. पण ते स्कॅन बघून डॉक्टरांनी सांगावं, पडवीत बसून काकांनी नव्हे. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा.

"शेवटी गेलोच मां?" असं आबाकाका मला प्रत्येक गणपतीत ऐकवतात. गेला, फुप्फुसाने गेला. पण मधल्या हंगामांत त्याने कलमं राखली, पेट्या वाशीला पाठवल्या, आणि काकांनी आमच्या हद्दीत सरकवलेला गडगा (दगडी कुंपण) जमिनीची मोजणी आणून मागे घ्यायला लावला. काकांना खरं तर तेच जास्त लागलंय.