सिस्टर, तुम्हीच सांगा: बाटली कोण धुतं?

चवथ संपली की या सदराकडे बाळंतिणींची पत्रं वाढतात. कारण उघड आहे. दीड दिवस असो की पाच, सगळं कुटुंब मूळ घरी जमतं आणि गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसलेल्या प्रत्येक बाईला नव्या बाळाच्या पोटाबद्दल मत असतं. पुरुषांनाही असतं, फक्त ते खोकून व्यक्त करतात. प्रसूती वॉर्डात नोकरी केल्यामुळे मला हे सगळं ओळखीचं आहे. यंदा तीन पत्रं आणि एक चिठ्ठी घेतली आहे. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

*सिस्टर, माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. सिझेरियन झालं. बाळ पस्तिसाव्या आठवड्यात आलं म्हणून काही दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं, तिथे पावडरचं दूध सुरू झालं. घरी आल्यावर अंगावर पाजू लागले, पण पुरत नाही असं वाटून दिवसातून दोनदा बाटली देते. चवथीला सगळ्यांसमोर बाटली काढली तर काकीसासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी डब्याचं दूध कोणी पाहिलं होतं?" एका दिराने डबा उलटा करून किंमत वाचून दाखवली. मी आत जाऊन अंगावर पाजायला बसले, तर त्याच काकी दारात येऊन म्हणाल्या, "परत भूक लागली? पातळ असेल दूध तुझं." सासूबाई चांगल्या आहेत, पण पावडर जड पडते म्हणून एक चमचा कमीच घालतात. आता पाजायला बसलं की रडू येतं आणि दूधही येत नाही. बाटली बंद करू की अंगावरचं सोडू?*
*— एक आई, फोंडा तालुका*

काहीच सोडू नकोस. आधी काकींचा निकाल लावू.

"आमच्या वेळी" म्हणजे सत्तर-ऐंशीचं दशक असेल, तर तेव्हा डब्यांचीच चलती होती. डब्यावर गुटगुटीत, गोरंपान बाळ हसत असायचं आणि आपलं बाळ तसं दिसावं म्हणून आया ते डबे घ्यायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली या जाहिरातबाजीविरुद्ध आंतरराष्ट्रीय संहिता आणली. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला आणि २००३ साली तो आणखी कडक केला गेला. म्हणून आज दोन वर्षांखालच्या बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, दुधाच्या बाटलीचीही नाही. डब्यावर बाळाचं चित्र चालत नाही, फुकट नमुने वाटायलाही बंदी आहे. पुढच्या वेळी गेलीस की काकींच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर नजर टाक. सोलं कसल्या डब्यात ठेवलीत ते बघ. नुसतं बघ, बोलू नकोस.

आता पातळ दुधाचं. आईच्या दुधात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. सुरुवातीला येणारं दूध निळसर, पाण्यासारखं दिसतं. पाजता पाजता त्यातली साय वाढत जाते. म्हणूनच मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी पहिले सहा महिने बाळाला वरून पाणी लागत नाही. म्हशीच्या दुधाशी तुलना करणाऱ्यांनी रेडकू पाळावं.

रडू आलं की दूध येत नाही, ही तुझी कल्पना नाही. दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे. लाज, भीती, टाक्यांची दुखरी कळ यांपैकी काहीही त्याला अडवतं. दूध आत असतं, पण वाहत नाही. म्हणजे दारात उभं राहून केलेली एक शेरेबाजी त्या वेळेपुरतं दूध खरोखर थांबवू शकते. वॉर्डात मी हे पाहिलंय. भेटायला आलेली मंडळी बाहेर काढली, पडदा ओढला, आईच्या पाठीला उशी दिली, बाळ उघड्या अंगाने छातीवर ठेवलं की थोड्या वेळात पदर ओला. आम्ही त्यात औषध काही दिलेलं नसायचं.

पुरतंय की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नकोस. बाळं शंभर कारणांनी रडतात. शी सोड, नुसती शू बघ. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा व्हायला हवी. डायपरमध्ये कळत नाही, म्हणून एक दिवस कापडी लंगोट बांध आणि किती ओले होतात ते पाहा. दुसरं म्हणजे वजन. जवळच्या आरोग्य केंद्रात दर आठवड्याला, शक्यतो एकाच काट्यावर करून कार्डावर लिहून घे. या वयात आठवड्याला शंभर-दीडशे ग्रॅम वाढत असेल तर काकींना नमस्कार करून चहा दे.

दूध वाढवायचं असेल तर मागणी वाढवावी लागते, त्याला दुसरा मंत्र नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा घे. रात्रीचं पाजणं चुकवू नकोस, दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. तोंडात नुसतं टोक देऊ नकोस. भोवतीचा काळा भाग जास्तीत जास्त आत जायला हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. चपचप आवाज येत असेल, गाल आत ओढले जात असतील तर करंगळीने हलकेच सोडवून पुन्हा लाव. आधी अंगावर, मग बाटली, असा क्रम ठेव. आणि वजन नीट वाढतंय हे दिसल्यावरच, डॉक्टरांना विचारून, बाटलीतलं दूध थोडं थोडं उतरव. एका दमात बंद करू नकोस.

लवकर जन्मलेल्या बाळाला ओढायला ताकद नसते. अशा आईला पहिल्या दिवसापासून कोणीतरी शेजारी बसून हाताने दूध काढायला शिकवायचं असतं, तरच ते टिकतं. तुला कोणी शिकवलं नाही, हे तुझ्या पत्रावरून कळतंच. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. आईचं नाही तर दुसऱ्या आईचं, तेही नाही तर पावडर, हा क्रम त्यांच्यासाठी आहे. तुझ्या मुलीच्या वाट्याला पावडर आधी आली. तो तुझा दोष नव्हे.

डॉक्टर सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध सांगतात ते उगाच नाही. जुलाब, न्यूमोनिया, कानाचे आजार कमी होतात, आईलाही स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी राहतो. पण हे सांगताना आपण एक गोंधळ घालतो. पूर्ण जमलं नाही तर शून्य, असा हिशेब मांडतो. तू दिवसातून सहा वेळा पाजतेस तर सहा वेळचं दूध बाळाच्या पोटात जातं, बाटलीने ते पुसलं जात नाही. आणि कधी एखाद्या आईला थायरॉइडमुळे, जुन्या शस्त्रक्रियेमुळे किंवा औषधांमुळे खरोखरच येत नाही. तिचं बाळ नीट बनवलेल्या पावडरवर वाढतं. वाढलेली कितीतरी माझ्या ओळखीत आहेत, त्यातली दोन आता माझा रक्तदाब तपासतात.

नीट बनवलेल्या, असं मुद्दाम म्हटलं. तुझ्या पत्रातली मला खरी काळजी काकींची नाही, त्या एका कमी चमच्याची आहे. पावडर पातळ केली की बाळाचं पोट पाण्याने भरतं आणि वजन अडतं. डब्यातला चमचा सुरीने सपाट करायचा, डब्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्याला तेवढेच चमचे. आधी पाणी, मग पावडर. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर घाल. मग बाटली थंड पाण्यात धरून निववून, मनगटावर थेंब टाकून बघून दे. उरलेलं ओतून टाक, संध्याकाळसाठी ठेवू नकोस. बाटली नि निपल घासून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायचं. हे जड वाटत असेल तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाज. निपलपेक्षा ते घासायला सोपं. हे सासूबाईंना वाचून दाखव. चांगल्या आहेत म्हणालीस, ऐकतील.

रडू रोज येत असेल, झोप उडाली असेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल तर मात्र दुधाची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांना सांग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तिथेही बोलता येतं.

*सिस्टर, बाळ सहा महिन्यांचं झालं, मी कामावर रुजू झाले. म्हापसा-पणजी बसने येते-जाते. जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये उभी राहून दूध काढते. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवलेली डबी कोणीतरी "वास येतो" म्हणून बाहेर टेबलावर काढून ठेवली. त्यापेक्षा बाटली परवडली, असं वाटायला लागलंय.*
*— नोकरदार, पणजी*

बाथरूममध्ये बाकीचे लोक जेवायला बसतात का? मग तुझ्या बाळाचं जेवण तिथे का?

साहेबांना लेखी दे. मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्यातच बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या होत्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर आलं, तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. २०२५ साली त्या कायद्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही या तरतुदी आहेत. दूध काढायला खोली द्या असं त्यात म्हटलेलं नाही, पण रेकॉर्ड रूमची किल्ली मागायला कायदा लागत नाही.

काढलेलं दूध बाहेर चार तासांपर्यंत टिकतं. आपल्या उकाड्यात मी तेवढा वेळही घेऊ देणार नाही. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या जाड बॅगेत चोवीस तास, फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस. दारातल्या कप्प्यात ठेवू नकोस. वर साय आली, थोडा साबणासारखा वास आला तर नासलं असं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून कोमट कर, मायक्रोवेव्ह नको. आपली बॅग आपल्या टेबलाखाली ठेवलीस की फ्रिजवाल्यांशी संबंधच नको.

आणि सहा महिने झालेत, आता पेज, भात-वरण, केळं सुरू होईल, दिवसाच्या वेळा आपोआप कमी होतील. सकाळी निघताना आणि घरी आल्यावर अंगावर, मध्ये काढलेलं, कमी पडलं तर डब्यातलं. असं दोन वर्षं आणि पुढेही चालतं.

*सिस्टर, मी आजी आहे. सून पाजते, पण काही बोललं की तिला वाईट वाटतं आणि न बोललं तर मला. मी मध चाटवू म्हणाले तर नको, जायफळ-वेखंडाची गुटी नको. दूध वाढावं म्हणून मोरीचं (शार्क माशाचं) आंबट केलं तर मुलाने फोनवर काहीतरी वाचून तेही बाजूला ठेवलं. मग आम्ही करायचं तरी काय?*
*— डिचोली*

आजी, तुमचं पत्र मला सगळ्यांत आवडलं, कारण विचारणाऱ्या आज्या कमी आणि सांगणाऱ्या फार.

मधाच्या बाबतीत सून बरोबर आहे. एक वर्षाच्या आत मध देऊ नये. त्यातल्या जंतूंमुळे क्वचित पण भयंकर आजार होतो. जायफळाने बाळ झोपतं ते गुंगीने, आणि सहाणेवरचे जंतू फुकट. मोरीचंही मुलाने खरंच वाचलं. मोठ्या माशांत पारा साठतो आणि मोरी त्यांतली. त्याऐवजी तारले, बांगडे करा, मुडदुशी करा. आळीवाची खीर, नाचणीचं तिजान, मेथी, शेपू खुशाल द्या. त्याने दुधाचा नळ सुटतो असं नाही, पण बाळंतिणीला भूक फार असते आणि गरम, आयतं ताट मिळणं हीच मोठी मदत.

आता करायचं काय. ती पाजायला बसली की तांब्याभर पाणी हाताशी ठेवा. वसरीवर आलेल्या पाहुण्यांना तुमच्या गप्पांत अडकवा, आत सोडू नका. हे काम तुमच्याइतकं कोणालाच जमणार नाही. दुपारी बाळाला ढेकर काढून तुमच्या खांद्यावर घ्या आणि तिला दोन तास झोपू द्या. आणि शेजारीण विचारेल, "सुनेला दूध येतं ना गे?" तेव्हा "येतं" एवढंच सांगून तिच्या गुडघ्यांची चौकशी करा.

*बायको पाजते. मग रात्री मी उठून करणार काय?*
*— मडगाव*

बाळ उचलून तिच्याजवळ दे. पाजून झालं की ढेकर काढ, लंगोट बदल, परत झोपव. घरात बाटली चालू असेल तर झोपण्याआधी बाटल्या उकळायला तू ठेव, आणि गॅसपाशी उभा राहा. फोन बघत बसलास तर पाणी आटतं आणि निपल तळाला चिकटतात.