अमेरिकेत सार्वजनिक जागेवर याचिकेसाठी सह्या गोळा करण्याचा हक्क नागरिकांना आहे का?

होय, सार्वजनिक रस्त्यालगतच्या पदपथावर किंवा उद्यानात उभे राहून सह्या गोळा करण्याचा हक्क अमेरिकेत आहे आणि त्याला भाषणस्वातंत्र्य जपणाऱ्या, तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे. रस्ते आणि उद्याने ही लोकांनी एकत्र येऊन सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा करण्याची ठिकाणे आहेत, ही भूमिका १९३९ सालच्या ‘हेग विरुद्ध सीआयओ’ (सीआयओ ही एक कामगार संघटना) या खटल्यापासून रुजली. पुढे १९८८ साली ‘मायर विरुद्ध ग्रँट’ या निकालात, सह्या गोळा करणाऱ्यांना मोबदला देण्यावर कोलोरॅडो राज्याने घातलेली बंदी रद्द करताना, सर्वोच्च न्यायालयाने हे काम म्हणजे गाभ्याचे, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळणारे, राजकीय भाषणच असल्याचे मान्य केले. मात्र सरकारी मालकीची प्रत्येक जागा या अर्थाने खुली नसते, आणि गफलत नेमकी इथेच होते: टपाल कार्यालयाच्या स्वतःच्या आवारातील, केवळ दारापर्यंत नेणाऱ्या पदपथावर देणग्या मागण्यास असलेली मनाई याच न्यायालयाने १९९० साली ‘कोकिंडा’ खटल्यात वैध ठरवली. शिवाय खुल्या जागीदेखील वेळ, ठिकाण आणि पद्धत यांविषयी वाजवी नियम करता येतात, फक्त ते याचिकेचा विषय पाहून केलेले नसावेत.