बोरीला पाणी नसेल तर अमळनेरला फोटो काढायला येण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की बारा जणांचा ग्रुप घेऊन एका दिवसासाठी फोटो काढायला जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला यायचंय, तर इथल्या बोरी नदीला पाणी असेल तेव्हाच यावं का, लेन्स कोणत्या आणाव्यात आणि राहायचं कुठे. राहण्याचं आल्यावर स्टेशनजवळ विचारा, एका रात्रीपुरती सोय होते. लेन्सचं पुढे सांगतो. लिहायला बसलो ते पहिल्या प्रश्नामुळे.

पाणी असेल तेव्हा येऊ नका. बोरी दोन्ही काठ भरून वाहते तेव्हा पाणी चहासारखं मातकट असतं, वर आभाळ राखाडी, आणि पात्रात उतरता येत नसल्यामुळे बाराही जण पुलाच्या कठड्याला ओळीने उभे राहून एकच फोटो बारा वेळा काढतात. वर पारोळा तालुक्यात तामसवाडीला धरण आहे. तिथून पाणी सोडलं की अमळनेरात पाऊस नसतानाही पात्र भरतं. म्हणून पावसाळ्यात पात्रातल्या खडकावर ट्रायपॉड लावून बसण्याचा बेत तर डोक्यातूनही काढून टाका.

आमच्या जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये एक कर्तेधर्ते गृहस्थ आहेत. प्रदर्शनासाठी फोटो निवडायला बसले की कोरड्या बोरीचा फोटो बाजूला सरकवतात आणि विचारतात, ‘यात नदी कुठंय?’ हा वाद बरीच वर्षं चाललाय. माझं म्हणणं एवढंच, की खान्देशातल्या बहुतेक नद्या वर्षातले सात-आठ महिने वाळू, डबकी आणि खडक अशाच असतात. गाव त्या काळात नदीकडे पाठ फिरवत नाही, उलट नदीत उतरतं. अमळनेरचे संत सखाराम महाराज यांची समाधी बोरीच्या पात्रातच आहे आणि वैशाखातली यात्रा भरते तीही त्याच वाळूत. पाळणे, भांड्यांची दुकानं, रसवंत्या, सगळं नदीच्या अंगावर. पाणी आलं तर यात्रेला जागाच उरणार नाही. मग नदी कुठंय हे त्यांनी स्वतःच्या पायाखाली बघावं.

तेव्हा तारीख ठरवायची तर आखाजी (अक्षय्य तृतीया) ते वैशाख पौर्णिमा या बारा-तेरा दिवसांत ठरवा. एप्रिल-मे येतो, दरवर्षी पंचांग बघून नक्की करायचं. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालू असतात. एकादशीला यात्रेचा रथ, पौर्णिमेला पालखी. एकच दिवस काढता येत असेल तर एकादशी पकडा. आखाजीला गल्लोगल्ली पत्त्यांचे डाव बसलेले दिसतील. तिकडे कॅमेरा नेऊ नका, समोर पैसे मांडलेले असतात आणि पुराव्याला फोटो कुणालाच नको असतो.

आता वेळ. मेच्या मध्यात इथे सूर्य साधारण ५:५० ला उगवतो आणि ७ वाजता मावळतो. साडेपाचला पात्रात पाय हवेत. ‘आठला चहा घेऊन निघू’ म्हणणाऱ्यांना घरीच ठेवा. साडेसातनंतर वाळू पांढरी पडायला लागते, साडेआठला कॅमेरा पिशवीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर इथे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाला सावली उरत नाही. माणसांच्या डोळ्यांच्या जागी तेवढे काळे खड्डे दिसतात. साडेआठ ते दहा जुन्या गल्ल्यांत शिरा, दगडी दरवाज्याच्या आसपास. तिथे अर्धी गल्ली सावलीत असते आणि समोरच्या उन्हातल्या भिंतीवरून मऊ उजेड परत येतो, चेहऱ्यांसाठी त्याहून चांगला उजेड दिवसभरात मिळत नाही. दहा ते पाच झोपा. खरंच झोपा. ४३-४४ अंशांत फिरून कुणी चांगला फोटो काढलेला नाही, उष्माघात मात्र झालेले आहेत.

बोरी ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेला तापीकडे जाते. म्हणजे एक काठ उगवतीचा, एक मावळतीचा. सकाळी मावळतीच्या काठावरची घरं आणि घाट समोरून उजळतात, संध्याकाळी पलीकडचे. हे नकाशावर आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर सकाळभर सगळे उजेडाच्या विरुद्ध तोंड करून उभे राहतात. विरुद्ध उजेडही वाईट नाही, पण तो मुद्दाम निवडलेला असावा. उन्हाकडे तोंड करून चालणारी माणसं काळ्या आकृतीत हवी असतील तर एक स्टॉप खाली या (म्हणजे उजेड निम्मा करा) आणि माणसांच्या मधून आभाळ दिसेल एवढं खाली वाका. दोन माणसं एकमेकांवर आली की आकृतीचा गोळा होतो.

वाळूचं माप निराळं. कॅमेऱ्याला प्रत्येक गोष्ट मध्यम करडी करायची असते, म्हणून उजळ वाळू फ्रेममध्ये जास्त आली की तो फोटो काळवंडवतो. सकाळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ द्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत नाही एवढं बघा. मोबाइलवर असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. डबकं छोटं असलं तरी चालतं. मोबाइल उलटा धरून लेन्स पाण्यापासून दोन बोटांवर आणा, ताटाएवढ्या डबक्यात अख्खा पाळणा मावतो. गृहस्थांना पाणीच हवं होतं ना, हे घ्या.

लेन्स: फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी, क्रॉपवर (लहान सेन्सरवर) २३ किंवा २४. दुसरी न्यायचीच असेल तर ८५ च्या आसपासची. ७०-२०० घेऊन यात्रेत फिरणारा माणूस लांबून चोरून फोटो काढतोय हे पन्नास पावलांवरून कळतं आणि लोक तोंड फिरवतात. वाळूत लेन्स बदलू नका. दुपारनंतर वारा सुटतो, बारीक धूळ सेन्सरवर बसते आणि पुढे एफ ११ सारख्या बारीक छिद्रावर काढलेल्या प्रत्येक आभाळात ठिपके दिसतात. झूमची नळी बाहेर-आत करताना हवेबरोबर धूळ ओढते, नंतर रिंग फिरवली की करकर वाजते. काच थेट कपड्याने पुसायची नाही. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. वाळूचा एक कण कापडात राहिला तर कोटिंगवर कायमचा ओरखडा. पिशवी खाली ठेवायची तर गोणपाट टाकून ठेवा आणि चेन लावा.

उन्हाचं आणखी एक. बरेचसे कॅमेरे ४० अंशांपर्यंत आणि मोबाइल ३५ अंशांपर्यंत चालवण्यासाठी बनवलेले असतात. त्यापुढे मोबाइल आधी स्क्रीन मंद करतो, मग कॅमेरा बंद करतो. सुती पंचा ओला करून पिळा आणि पिशवीवर टाका, पिशवीच्या आत नको. गाडीच्या डॅशबोर्डवर काहीही ठेवू नका. माणशी तीन लिटर पाणी, टोपी नसेल तर उपरणं.

रथ रात्रीचा असतो आणि ग्रुप सगळ्यात जास्त तिथेच फसतो. फ्लॅश लावू नका. ओढणाऱ्यांचे डोळे दिपतात, आणि मशालींचा पिवळा उजेड मरून समोरचे घामेजलेले चेहरे पांढरेफटक येतात. एफ १.८ किंवा २, आयएसओ ३२००, शटर १/१००. हे १/१०० का, तर आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत सारखा उजेड येतो. १/५०० वर गेलात की फोटोत काळे पट्टे. मोजमाप मशालीच्या ज्वाळेवर नाही, तिच्या उजेडातल्या गालावर घ्या आणि ज्वाळा थोडी जळाली तर जळू द्या. फिरत्या पाळण्याला ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११ आणि अर्धा ते दोन सेकंद. एलईडीच्या रेघा तुटक-तुटक ठिपक्यांच्या येतील. तो तुमच्या लेन्सचा दोष नाही, दिवेच तसे लुकलुकतात.

रथाच्या पुढे चालत मागे बघत फोटो काढायचा नाही. खान्देशातल्या रथांना ब्रेक नसतो. चाकाखाली लाकडी मोगरी सारून रथ थांबवतात आणि वळवतात. मोगरी लावणारा वाकलेला असतो आणि त्याला तुम्ही दिसत नसता. फोटो त्याचाच घ्यायचा, पण बाजूच्या ओट्यावर चढून. ज्याचा ओटा असेल त्याला विचारून चढा. ‘कोनता गावना शेतस?’ (कुठल्या गावचे आहात?) असा प्रश्न येईल, सरळ उत्तर द्या, पुढे चहाही येतो.

बारा जण एकत्र फिरू नका. तिघांचे चार गट करा, प्रत्येक गटाला एकेक जागा द्या: पात्र, पैलाड (नदीपलीकडची वस्ती), गल्ल्या, समाधीचा परिसर. दहाला एका हॉटेलवर पोह्यांना भेटायचं, जागा आदल्या दिवशी ठरवून. बारा कॅमेरे एका म्हातारीसमोर उभे राहिले की तिची मुलाखत होते, फोटो होत नाही.

पात्रात दोन गोष्टी सांभाळा. वाळू उपशाचे खड्डे असतात, काही पुरुषभर खोल, वरून शेवाळलेलं पाणी साचलेलं आणि कडा भुसभुशीत. काठीने चाचपल्याशिवाय डबक्याच्या कडेला बसू नका. आणि पहाटे वाळूचे ट्रॅक्टर दिसले तर कॅमेरा खाली. उजेड कितीही सुंदर असो, धूळ कितीही सोनेरी असो. तुमचा ग्रुप परत जातो, इथल्यांना इथेच राहायचं असतं. घाटावर दशक्रियेचे विधी चालू असतील तर तिथूनही बाजूला व्हा, ‘लांबून घेतला’ ही सबब चालत नाही. ड्रोन घरी ठेवा. यात्रेच्या गर्दीवर तो उडवायचा म्हणजे पोलिसांची परवानगी आली, एका दिवसात ती होत नाही.

आता ज्यांना ऊन सोसवतच नाही त्यांच्यासाठी. डिसेंबरात या, सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पहाटे कडाक्याची थंडी असते आणि पात्रावर धुक्याचा पातळ थर असतो. उजेड नऊ-साडेनऊपर्यंत टिकतो, वाळूचं गणित तेच. पण यात्रा नाही, म्हणजे माणसं तुमची तुम्हाला शोधावी लागतील.

पाण्याच्या बाजूने मी एकच गोष्ट मान्य करतो. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात पूर ओसरलेला असतो, पाणी गुडघाभर आणि निवळलेलं असतं, आणि घरोघरच्या गोधड्या धुवायला नदीवर येतात. काठावरच्या दगडांवर, कुंपणांवर रंगीत गोधड्या वाळत पडलेल्या असतात. तेव्हा जरूर या. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) आणा, ओल्या कापडाची चमक कमी होऊन रंग गडद येतात, मात्र दीड स्टॉप उजेड जातो हे धरून चला. धुणाऱ्या बायकांना आधी विचारा, आणि विचारायला ग्रुपमधल्या मुलींना पुढे पाठवा.

दिवसाअखेर वेळ उरला आणि गाडी असेल तर नीमजवळ कपिलेश्वराला जा, पांझरा तिथे तापीला मिळते. तिथे पात्र रुंद आहे, ३५ अपुरी वाटेल, २४ किंवा त्याहून रुंद लेन्स लागेल. पाणीही सापडेल. प्रदर्शनवाल्या गृहस्थांना पाठवायला एखादा फोटो तिथलाच घ्या, तो निवडतील.