‘मुलूखगिरी’ म्हणजे नेमकं काय? शब्द कसा वापरायचा?

मुलूखगिरी म्हणजे परमुलखात फौज नेऊन तो ताब्यात आणणं किंवा तिथून खंडणी वसूल करणं. ‘मुलूख’ अरबी, ‘गिरी’ फारसी. ही ‘दादागिरी’तली गिरी नव्हे, तर ‘जहांगीर’, ‘आलमगीर’ यांतल्या ‘गीर’ची, म्हणजे घेणारा.

साम्राज्यविस्तार आणि मुलूखगिरी एकच समजू नका, इथेच बहुतेकांची गल्लत होते. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत, कारण पावसाळा सरलेला, नद्या उतरलेल्या, घोड्यांना चारा मुबलक. मग चौथाई (महसुलाचे २५ टक्के) आणि सरदेशमुखी (१० टक्के) वसूल करून बहुधा पावसाळ्याआधी परत. मुलूख खालसा (थेट राज्यात सामील) होईलच असं नाही. माळव्यात आधी वसुली सुरू झाली, नायब सुभेदारी (प्रांताचा उपसुभेदार म्हणून अधिकार) पेशव्यांना मिळाली ती १७४१ मध्ये. काठेवाडात (आजच्या सौराष्ट्रात) तर बडोद्याच्या गायकवाडांची फौज वर्षानुवर्षं नुसती खंडणीसाठीच जात असे.

शब्द स्त्रीलिंगी. ‘मुलूखगिरी करणे’, ‘मुलूखगिरीवर निघणे’ असं लिहा. ‘अमुक प्रांताची मुलूखगिरी झाली’ हे कानाला खटकतं. ‘अमुक प्रांतात’ म्हणा. हल्ली भटकंतीलाही गमतीनं मुलूखगिरी म्हणतात, ते चालतं. विजापूरची ‘मुलूखमैदान’ तोफ मात्र यात ओढू नका. ते मूळचं ‘मलिक-ए-मैदान’.