ओंडके फोडायचं यंत्र किती टनांचं घ्यावं?

प्रश्न : दापोलीजवळ आमची जळाऊ लाकडाची वखार आहे. आंबा, काजू, आकेशियाचे दीड फूट लांबीचे ओंडके फोडायला हायड्रॉलिक यंत्र घ्यायचंय. एक विक्रेता २० टन म्हणतो, दुसरा १२. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांनाही सिलिंडरचा आतला व्यास आणि पंपाचा दाब विचारा. टन त्यातूनच निघतात. १०० मिमी व्यास म्हणजे ७८.५ चौ. सेमी क्षेत्रफळ, २०० बार दाबाला जोर साधारण १६ टन. याच आकड्यांवर कोणी २० टन सांगत असेल, तर ते खरं नाही.

सरळ रेषांच्या आकेशियाला १० टनही पुरतात. खरा जोर लागतो तो आंब्याच्या बेचक्याला. तिथे रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, पाचर अर्ध्यात रुतते आणि यंत्र घुरघुरत थांबतं. म्हणून १६ टन घ्याच. असा ओंडका मधोमध धरू नका, कडेकडेने सोलत आणा.

वेगाकडे मात्र नीट बघा. ६० सेमी स्ट्रोकला, म्हणजे दांड्याच्या एका पूर्ण चालीला, ४.७ लिटर तेल लागतं. मिनिटाला १२ लिटर देणाऱ्या पंपाला नुसतं पुढे जायला २४ सेकंद. दोन टप्प्यांचा पंप मोकळ्या चालीत भरपूर तेल ढकलतो, लाकूड लागलं की कमी तेलात पूर्ण दाब देतो. वखारीला तोच हवा.

हायड्रॉलिक तेल ६८ ग्रेडचं (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) भरा. टाकीत फेस आला, तर आधी सक्शन नळीची, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीची, क्लिप तपासा. बहुतेक वेळा तिथूनच हवा शिरते. आणि होज (दाबाच्या तेलाची लवचिक नळी) झिरपतोय का, हे बोट लावून कधीही बघू नका. दाबाचं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघा.