पाहुण्यांकडून पैसे कसे घ्यायचे?

दिंडोरी तालुक्यातला एक तिशीतला मुलगा मागच्या हिवाळ्यात आई-वडिलांना घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आला. चार एकर द्राक्षबाग, सोसायटीचं कर्ज, आणि मनात एकच ध्यास: मळ्यात कृषी पर्यटन केंद्र काढायचं. सहा खोल्या, झोके, बैलगाडी, हुरडा. त्यासाठी बँकेकडून आणखी पैसे उचलायचे. वडील तीन महिने त्याच्याशी बोलत नव्हते. त्यानं विचारलं तेच, जे असल्या प्रत्येक घरातला मुलगा विचारतो, "मॅडम, घरच्यांना पटवू कसं?"

मी वडिलांकडे वळले. "दादा, बागेत अनोळखी माणसं फिरताहेत, असं डोळ्यांपुढे आणा. काय दिसतं?"

ते बराच वेळ गप्प होते. मग दोन बोटं कात्रीसारखी हलवत म्हणाले, "विरळणीला, घडातले जादा मणी काढायला, बाया लावतो, तरी मी मागं उभा असतो. मणी हाताळला की वरची पांढरी झाक जाते. हे लोक येऊन घड ओढतील, फोटो काढतील अन् निघून जातील."

मुलगा इतके दिवस त्यांना नफ्याचे आकडे दाखवत होता. त्यांना काळजी होती ती बागेच्या अब्रूची.

आईचं दुखणं आणखी वेगळं. "दारी आलेल्याला जेवू घालून पैसे मागायचे? जीभ कशी रेटेल?"

मी विचारलं, लग्नात आचारी बोलावता, त्याला पैसे देता. त्याला कमी लेखता का?

"त्याचं ते कामच आहे."

"आणि तुम्ही पस्तीस वर्षं पहाटे उठून करताय, ते?"

त्या काही बोलल्या नाहीत. मुलानं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, किमान एक एकर जमीन लागते, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. पण ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या चालू असताना लेकरांना बागेत कसं सोडायचं, सोमवार ते शुक्रवार कोण येणार, पावसाळ्यातल्या चिखलाचं काय, हे कागदावर कुठंच नव्हतं. आधी खोल्या बांधणं मला सगळ्यात घातक वाटतं. पाहुणा येवो न येवो, हप्ता येतोच.

म्हणून ठरलं ते एवढंच: कर्ज नाही, खोल्या नाहीत. संडास-न्हाणी दुरुस्त करायची आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी नाशिकची बारा माणसं बोलवायची. लोकांनी कुठल्या ओळीत जायचं, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी, हे वडील ठरवणार. वहीत पहिली नोंद त्यांनीच केली: 'विहिरीकडच्या चार ओळी.'

तो रविवार झाल्यावर मुलाचा फोन आला. वडिलांनी एका लहान मुलीच्या हातात कात्री दिली होती आणि घड देठाला कसा धरायचा, ते तिच्यापाशी उकिडवं बसून दाखवलं होतं. आईनं भरीत-भाकरीचे पैसे मोजून घेतले. लेकरांचे मात्र घेतले नाहीत.

"हिशेबात तसंच लिहू का, मॅडम?"

"तसंच लिही," मी म्हटलं.

खोल्यांचा विषय त्यानं अजून काढलेला नाही.