शहाणी मुलगी घरी ठेवून जा

प्रिय बाळा,

"मावशी, मॅडम इतक्या चांगल्या आहेत की मी त्यांच्याशी चक्क खोटं बोलले," हा तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग राग आला. तुझ्या समुपदेशक मॅडमनी विचारांची वही लिहायला सांगितली होती. तू एक पान लिहिलं नाहीस आणि वर "हो मॅडम, खूप उपयोग झाला" म्हणून मोकळी झालीस! अगं, पैसे कोण भरतंय?

समुपदेशकाकडे जावं की नाही, हे तुला समजावत बसणार नाही. तू गेलीसच आहेस. पण शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या तुझ्यासारख्या मुली तिथेही पहिला बाक शोधतात. समोरची बाई प्रेमळ असली तर विचारूच नका. आपण तिला आवडायला हवं, तिची मेहनत वाया गेली असं तिला वाटायला नको! म्हणून एकच सांगते, शहाणी मुलगी घरी ठेवून जा.

त्या नुसतं ऐकतात, काय करायचं ते सांगत नाहीत, ही तुझी दुसरी तक्रार. सुरुवातीच्या भेटी घर, झोप, भूक, नोकरी, जुनी आजारपणं हे विचारण्यातच जातात. आणि सल्ले द्यायला आम्ही नातेवाईक आहोत की, फुकट आणि न विचारता. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहून ठेवलंय की माणूस बदलायचा तर समोरच्याने त्याला समजून घ्यावं लागतं, बिनशर्त स्वीकारावं लागतं आणि स्वतःही खरं असावं लागतं. तुझ्या मॅडम तेच करतायत. पण त्यांनी स्वीकारायचं कोणाला? तू तिथे नेऊन बसवलेल्या त्या गुणी मुलीला? तिला तर सगळ्यांनी कधीच स्वीकारलंय.

नैराश्य किती आहे ते बघणारा तो नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९चा फॉर्म आठव. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं, झोप लागली का, प्रत्येकाला ० ते ३. फार वाईट दिसू नये म्हणून तू तीनच्या जागी एक टाकलास. पोट दुखत असताना डॉक्टरला गुडघा दाखवण्यातला प्रकार हा! समुपदेशक औषधं लिहून देत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं का, हे ठरवताना असे आकडेही बघितले जातात. फॉर्म पुन्हा भरायला देतील तेव्हा खरं भर.

आईला कळेल ही भीती सोड. तू सज्ञान आहेस, आणि गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच दिलाय. कोणाच्या जिवाला धोका असला किंवा कोर्टाने माहिती मागितली, असे मोजके अपवाद आहेत. ते मॅडमनाच विचारून घे.

मी तुझ्यापेक्षा थोडी मोठी असताना एका समुपदेशकांकडे जायचे. दुसऱ्याच भेटीत त्यांनी "तडजोड करायला शिका" असं सुनावलं. मी मान डोलावली, पुढे कित्येक महिने डोलावत राहिले आणि एक दिवस जायचंच बंद केलं. घरचे अजून म्हणतात, धीर धरायला हवा होता. का म्हणून? सोडलं ते बरोबरच केलं, आजही तेच करेन. फक्त का सोडतेय ते तोंडावर सांगून निघाले असते तर पुढची कित्येक वर्षं मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत बसले नसते.

तेव्हा आवडलं नाही तर तिथेच बोल. "मागच्या वेळी तुम्ही आईची बाजू सांगितलीत ना, तेव्हा मला तुमचा राग आला होता." एवढंच वाक्य. चांगल्या समुपदेशकाला अशा वाक्याने वाईट वाटत नाही, तिथूनच काम सुरू होतं. ज्यांना चालत नाही, त्यांना खुशाल सोड. आणि खरी गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत, पर्स उचलता उचलता सांगायची सवय तुला आहे, मला माहितीय. पर्स खाली ठेव आणि तीच गोष्ट पुढच्या वेळी आल्या आल्या काढ.

काही भेटींनंतर बरं वाटण्याऐवजी जास्तच रडू येईल. त्या संध्याकाळी कोणाच्या साखरपुड्याला वगैरे जाऊ नकोस. रात्री-अपरात्री फारच झालं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मलाही उठव.

गुरुवारी पहिलं वाक्य वहीचं. "लिहिली नव्हती, खोटं बोलले." पुढे काय झालं ते मला कळवू नकोस. मी विचारेनच, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तरी सांगू नकोस.

तुझी,
मावशी